महादूला न उठवलेला शुक्रवार

लातुरात गच्चीवर लेकीचे धुतलेले बूट वाळत होते. साबणाचा तो ओलसर वास आला आणि मस्कतची एक सकाळ आठवली.

तिथल्या धावणाऱ्यांच्या क्लबात माझ्या खोलीत राहणाऱ्या महादूला मीच नेलं होतं. जळकोटचा हा गडी पोलीस भरतीसाठी गावी रोज पळलेला. पहिल्याच शुक्रवारी तो सगळ्यांच्या पुढं, अन् मी वर्षभर पळूनही शेवटी. लोक त्याच्याभोवती जमले, तेव्हा माझा जळफळाट झाला.

पुढच्या शुक्रवारी त्याला न उठवताच गेलो. तिथं पोचताच सगळ्यांनी विचारलं, महादू कुठंय?

परतलो तेव्हा तो नुकताच उठला होता.

“लई गाढ झोपलो बघ. तू हाका मारल्या असशील. काल तुझे बूट धुतले, वाळले होते का?”

“हाव,” मी म्हणालो.

पायातले बूट अजून ओलेच होते.