नळाला लावलेलं कुलूप

करमाडजवळची आमची जमीन कारखान्यांत गेली, तेव्हा वडिलांनी माझ्या हातात एक पुरचुंडी ठेवली. राखेत घोळलेलं वांग्याचं बी होतं. आमच्या शेतातलं ते काटेरी वांगं बाजारात मिळत नाही, आणि हे बी चार-पाच वर्षांवर दम धरत नाही. पेरलं नाही तर वाणच संपणार. माझ्याकडे शहरात, औरंगपुऱ्यातला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट आणि वर सगळ्यांची मिळून एक गच्ची. मग शहागंजच्या बाजारातून जुने ड्रम आणले, माती भरली आणि बी लावलं.

आमच्याकडे नळाला पाणी आठवड्यातून एकदा यायचं. इमारतीची टाकी चौथ्या दिवशी कोरडी पडायची, आणि खापर फुटलं माझ्या वांग्यांवर. सोसायटीच्या बैठकीत अध्यक्ष म्हणाले, शेतीची एवढी हौस होती तर गावाकडंच राहायचं. शेत राहिलं असतं तर आले असते का मी इथं? माझ्या मस्तकात तिडीक गेली. लावा गच्चीच्या नळाला कुलूप, मीच म्हणाले, थेंब घेणार नाही. त्यांनी दुसऱ्याच दिवशी खरंच लावलं.

मग भांडी घासलेलं पाणी वर नेऊ लागले. साबणानं अर्धी रोपं करपली. चूक माझीच होती. जिन्यात बसून मी रडले आणि त्याच दिवशी घरातून साबण हद्दपार केला. भांड्यांना इस्त्रीवाल्याच्या कोळशाची राख आणि आंघोळीला बेसन. नवऱ्यानं न्हाणीघरातून विचारलं, "मला काय तळायचंय का?" पण ऑफिसला जाण्याआधी कुरकुरत बादल्या वर नेल्या त्यानंच.

उन्हाळ्यात शेडनेटऐवजी माझ्या जुन्या साड्या ताणल्या. अध्यक्षांनी निरोप पाठवला, इमारतीची शोभा जाते. मी आणखी एक साडी बांधली, भडक जांभळी.

कुलूप तसंच होतं आणि टाकी तशीच चौथ्या दिवशी कोरडी पडत होती. दोन महिने सगळ्यांनी पाहिलं. मग बैठकीत माझा विषय निघायचा बंद झाला.

एका सकाळी अध्यक्ष स्वतः किल्ली घेऊन वर आले. मी पिकून पिवळ्या पडलेल्या वांग्यातलं बी काढत बसले होते. झालं गेलं सोडून द्या, वापरा नळ, असं ते माझ्याकडे न बघता म्हणाले.

"राहू द्या कुलूप," मी म्हणाले. "माझ्या वांग्यांला तुमच्या नळाची सवय नाय लावायची."

किल्ली कठड्यावर ठेवून ते खाली गेले. मी बी धुतलं, वाळवलं, राखेत घोळलं आणि वडिलांच्याच फडक्यात बांधलं. पुढल्या उन्हाळ्यात सावलीसाठी साडी ताणली, तेव्हा तिचं एक टोक त्या कुलपालाच बांधलं.