गुरुजींनी तोंड उघडलं नाही

ढुंढिराजगुरुजींचा आवाज देवाने घाईत दिलेला असावा, मोजूनमापून द्यायला वेळच मिळाला नसणार. दशाश्वमेध घाटावर ते संकल्प सांगायला लागले की शेजारच्या छत्रीखालच्या पंड्यांचे मंत्र चुकायचे, आणि त्या पंड्यांचे यजमान गुरुजींचं ऐकून पाणी सोडायचे. महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंची श्राद्धं-तर्पणं त्यांनी जन्मभर या आवाजावर केली. मग गुडघे कुरकुरायला लागले, घाटाच्या पायऱ्या नकोशा झाल्या. यजमानांची गादी पुतण्याकडे सोपवून गुरुजी दुर्गाघाटाच्या गल्लीतल्या घरी बसले.

बसले खरे, पण बसायचं कोणाजवळ? बायको घरात असेल तर ना!

शरदिनीबाई मुलींच्या शाळेत गाणं शिकवून निवृत्त झालेल्या. निवृत्त झाल्यावर माणूस जरा दम खातो. या बाईंनी गावभरची मराठी माणसं गोळा केली, कोणी बँकेतलं, कोणी रेल्वेतलं, आणि वृंदगान सुरू केलं. गणेशोत्सवात मराठी मंडळाच्या मंचावर पेटी नाही, तबला नाही, नुसत्या गळ्यांवर गायचं, हा त्यांचा हट्ट. रोज संध्याकाळी त्या तालमीला मंडळाच्या हॉलवर जायच्या आणि गुरुजी घरात पंख्याखाली एकटे.

"मलाही घे ना वृंदात," गुरुजी म्हणायचे.

"अहो, गेल्या वर्षीचं विसरलात?"

गेल्या वर्षीचं कोणीच विसरलं नव्हतं. गुरुजी पहिल्या रांगेत प्रेक्षक म्हणून बसले होते. दुसऱ्या कडव्याला त्यांना भक्ती आवरेना. बसल्या जागेवरून त्यांनी सूर लावला, तोही स्वतःचा, घाटावरचा. वृंद बिचारा एकेक गळा करत त्या सुराकडे घरंगळत गेला आणि शेवटच्या ओळीला अख्खा मंच गुरुजींच्या पट्टीत गात होता! लोकांनी टाळ्या वाजवल्या. शरदिनीबाई घरी आल्या आणि पुढे कितीतरी दिवस "जेवायला वाढलंय" याखेरीज एक शब्द बोलल्या नाहीत.

पण गुरुजी काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. या वर्षी ते तालमीला खुर्च्या मांडायला म्हणून आले. दुसऱ्या दिवशी ज्येष्ठमधाचा काढा घेऊन आले. मग रोजच यायला लागले आणि दाराशी घुटमळायला लागले. शरदिनीबाईंनी डोळे वटारले तेव्हा मात्र खोडी सोडून ते सरळ बोलले.

"संध्याकाळी घर खायला उठतं गं. नाही बसवत एकट्याला."

बाईंना इतक्या वर्षांत असलं काही ऐकायची सवय नव्हती. त्या थोडा वेळ तानपुऱ्याच्या खुंट्याच पिळत बसल्या. मग म्हणाल्या, "बरं. गळा मोकळा करण्यापुरतं उभं राहा. गाणं सुरू झालं की मुकाट्याने खुर्चीवर."

आता हे गळा मोकळा करणं म्हणजे काय, ते बघायलाच हवं. आधी श्वास. पोटावर हात ठेवून हवा आत घ्यायची आणि 'स्स्स' करत हळूहळू सोडायची. मग ओठ सैल सोडून घोड्यासारखं फुरफुरायचं, तेही सुरात. मग ग्लासातल्या पाण्यात स्ट्रॉ घालून सूर लावत बुडबुडे काढायचे. मग ओठ मिटून, दात सुटे ठेवून गुंजन करायचं, आणि नाकाशेजारी बोट टेकवून थरथर लागते का ते पाहायचं. शेवटी खर्ज, म्हणजे खालचा सा, दम पुरेल तोवर. खालून जाणारी दूधवाली मंडळी वर बघून म्हणत, "का हो, कौनो बीमार हौ का?"

पहिल्याच आठवड्यात अनर्थ झाला. बँकेतला सुमंत काम सुटल्यावर गालात पान जमवूनच घराबाहेर पडणारा. बनारसमध्ये गालातलं पान विरघळत असताना भला माणूस बोलत नाही, हे त्याला चांगलं ठाऊक. पण फुरफुरणं म्हणजे काही बोलणं नव्हे, असा त्याने हिशेब केला. बाईंनी खूण केली, सगळ्यांनी ओठ सोडले आणि पुढे उभ्या असलेल्या इंदूकाकूंची पांढरी साडी पाठीपासून काठापर्यंत लाल.

"अगं बाई, माझी साडी! मेल्या, हे गाणं की रंगपंचमी?"

"काकू, सॉरी," सुमंत तोंड वर करून, उरलेलं सांभाळत म्हणाला, "धुलवा दूँगा, सच्ची."

गुरुजी इतके हसले की त्यांना भिंत धरावी लागली. दुसऱ्या दिवसापासून दाराशी उभे राहून प्रत्येक पुरुषाचा गाल तपासायचं काम त्यांनी आपणहून घेतलं. "उघड तोंड! जा, थुंकून ये, चूळ भर!" हे ते यजमानाला आचमन सांगावं अशा थाटात सांगत.

गळ्याचे व्यायाम मात्र गुरुजींना असे काही मानवले की विचारू नका. सकाळी न्हाणीघरात बुडबुडे, दुपारी खिडकीशी फुरफुर. शरदिनीबाई तानपुरा लावून बसल्या की हे शेजारी बसून खर्ज लावणार. "गळ्यातून ओरडू नका, इथे वाजू दे," म्हणत बाई त्यांच्या छातीवर बोट टेकवायच्या. घाटावरचा सूर हळूहळू सुटला आणि बाईंच्या तानपुऱ्याचा सा गुरुजींच्या अंगात मुरला.

एक खोड मात्र जाईना. लहानपणी वेदपाठ शिकवताना त्यांच्या गुरुजींनी शेंडीखाली हात घालून त्यांची मान वरखाली केलेली. सूर चढला की मान वर, उतरला की खाली. आता सूर आणि मान वेगळे करणं त्यांना या जन्मी शक्य नव्हतं. ते डोलले की शेजारचे डोलत, शेजारचे डोलले की सगळी रांग डोले.

"मान!" बाई ओरडत.

गुरुजी स्वतःचा कान धरून मान आवळून ठेवत, आणि मग सूरच बंद पडे.

बाईंची खरी काळजी वेगळी होती. सुरुवातीला तानपुऱ्यावरून सा घेतला तरी पुढे पेटीचा आधार नसल्यामुळे तिसऱ्या कडव्यापर्यंत वृंदाचा सूर खाली बसायचा. शेवटी बाई तानपुऱ्याची तार छेडून बघत आणि दोहोंमध्ये चांगलंच अंतर पडलेलं असे. "गेल्या वर्षी तुमच्यामुळे फजिती झाली म्हणून सांगता तरी आलं," बाई एका रात्री भाकरी थापताना म्हणाल्या, "या वर्षी झाली तर ती माझीच. मग मी काही परत मंचावर चढायची नाही."

कार्यक्रमाच्या सकाळी मागच्या रांगेतले दोघे आजारी पडले. मागे खिंडार दिसायला लागलं. गुरुजी धोतर-उपरणं करून तयारच होते, जणू त्या दोघांना ताप यांनीच दिला.

"नुसता उभा राहतो. ओठ हलवतो फक्त."

शरदिनीबाईंनी त्यांना नखशिखांत न्याहाळलं. "तोंडातून एक सूर जरी निघाला ना, तर उद्यापासून तालमीलाही यायचं नाही. खुर्च्या नाहीत, काढा नाही, गाल तपासणं नाही. घरी बसायचं."

"कबूल."

मंडप भरला होता. पहिलं कडवं छान गेलं. गुरुजी मागे उभे राहून माशासारखे ओठ हलवत होते आणि मनातून भलतेच खूश होते. दुसऱ्या कडव्याला इंदूकाकूंचा आवाज जरा ओला झाला आणि सूर किंचित खचला. इतर कोणाला कळलं नसेल, गुरुजींना कळलं. समोर हातवारे करणाऱ्या बाईंच्या कपाळावर आठी आली. तिसरं कडवं तोंडावर आलं होतं. बाई हात वर वर नेत होत्या आणि वृंद खाली खाली चालला होता.

गुरुजींपुढे पेच पडला. गप्प राहावं, तर हिची फजिती. सूर लावावा, तर उद्यापासून पुन्हा तो पंखा आणि ती संध्याकाळ. ओठ मिटलेले असले तर त्याला तोंडातून काढलेला सूर म्हणता येतो का, असा एक वकिली विचारही त्यांच्या मनात येऊन गेला. ही बाई असली वकिली ऐकून घेणाऱ्यातली नव्हे, हेही त्यांना पक्कं ठाऊक होतं.

गेली संध्याकाळ तर गेली, असं म्हणून त्यांनी पोटात हवा भरली, ओठ मिटले, दात सुटे केले आणि खर्ज धरला.

गुंजन छातीतून निघालं आणि मंचाच्या फळ्यांतून फिरलं. सुमंतने चमकून मागे पाहिलं आणि त्याचा सूर जागेवर आला. इंदूकाकू सावरल्या. मग एकेक गळा पुन्हा त्या सुरावर चढून बसला. शरदिनीबाई सगळ्या रांगांवरून डोळे फिरवत होत्या. कोण हे, ते त्यांना शोधावं लागलं नाही. मागच्या रांगेत एक मान खाली गेली होती आणि वर येतच नव्हती.

शेवटची ओळ संपल्यावर बाईंनी हळूच बाजूला ठेवलेल्या तानपुऱ्याची तार छेडली. सूर जिथे निघाला होता तिथेच उभा होता. टाळ्या कडाडल्या. बाईंनी टाळ्यांकडे पाहिलंच नाही.

दोघं घरी आली. शरदिनीबाईंनी तानपुरा कोपऱ्यात ठेवला आणि त्याच्यावर गवसणी चढवली.

"मी तोंड उघडलं नाही," गुरुजी दारातूनच म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच इतका बारीक निघाला.

"पाहिलं मी."

"मग उद्यापासून..."

"उद्यापासून खुर्च्या सुमंत मांडेल. तुम्ही माझ्याबरोबर निघायचं. शब्द तुम्हाला एकही मिळायचा नाही. ओठ मिटून सा धरायचा, गाणं संपेपर्यंत."

 गुरुजींनी उपरण्याने उगाच तोंड पुसलं. मग भीतभीत विचारलं, "आणि मान हलली तर?"

"हलू दे," शरदिनीबाई पाठमोऱ्याच म्हणाल्या. "तुम्ही आहात ते कळतं मला."