बाबांच्या नावाची काच

नव्वद सालाच्या आसपास मी उल्हासनगरच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन होते, आणि माझ्या बाबांना एक दिवसाआड हुडहुडी भरून ताप येत होता. अंबरनाथ एमआयडीसीतल्या त्यांच्या कारखान्याचा डॉक्टर 'थकवा' म्हणाला. गोधडीत कुडकुडत बाबाही 'थकवा' म्हणत. मला मलेरियाचा संशय होता आणि जाम भीती वाटत होती.

शेवटी आमच्या शिरगावच्या घरीच मी त्यांचं बोट टोचलं. ॲसिडचे कॅन उचलणारा माणूस, पण सुई बघून भिंतीकडे तोंड केलं. "एकदाच हं. परत सुई आणलीस तर घरात घेणार नाही."

काचपट्टीवर रक्त पसरलं की त्याच बाजूला पेशंटचं नाव खरवडायचं, ही आमची लॅबमधली पद्धत. पण बाबांचं नुसतं नाव, श्री न लावता, तेही काच कोरायच्या खिळ्यासारख्या पेन्सिलीने? छे! हात धजेना. घरचीच काच, ओळखू येईल की, म्हणून कोरी ठेवली.

लॅबमध्ये काच रंगवून मायक्रोस्कोपखाली लावली. त्याचं काम सरळ आहे. खालचा आरसा खिडकीतला उजेड काचेतून वर पाठवतो. काचेजवळचं भिंग रक्ताची मोठी, उलटी प्रतिमा बनवतं, आणि डोळ्याजवळचं भिंग तीच आणखी दहापट करून दाखवतं. आधी खाली लहान भिंग लावलं, पेशी ठिपक्यांएवढ्या दिसल्या. मग तेलाचा थेंब टाकून शंभरचं लावलं. दहा गुणिले शंभर, हजारपट. मला हजारपट धुकं दिसलं. भिंग आणखी खाली आणलं. कट्! काच तडकली.

लॅबच्या सरांनी तुकडा उजेडात तिरका धरला. "रक्त खालच्या बाजूला होतं. शंभरचं भिंग काचेला जवळजवळ टेकतं, एवढ्या जाडीपलीकडचं त्याला दिसत नाही. नाव कुठंय? त्यावरूनच बाजू कळते ना?"

"वडील आहेत, सर."

"मग? वडिलांना काय, दोन्ही बाजूंनी रक्त असतं?"

संध्याकाळी सुई घेऊन घरी गेले आणि सगळं सांगून टाकलं.  भिंतीकडे तोंड करून बाबांनी बोट पुढे केलं.

"खरवड पूर्ण नाव. श्री नको, काच लहान आहे."

दुसऱ्या दिवशी हजारपटीत एका पेशीच्या आत लाल ठिपक्याची निळी अंगठी दिसली. मलेरियाच. म्हणजे गोळ्या होत्या, बाबा बरे होणार होते. मला इतकं रडू फुटलं की डोळ्याजवळचं भिंग भिजलं.

सर मागे उभे होते. "आधी भिंग पूस," ते म्हणाले. "मलाही बघायचंय."