कासिंगने कोरणे थांबवले

सकाळी पावणेसातला कासिंगच्या हातात वाकस होती आणि समोर तिकाटण्यावर कॅमेरा. पुलाईच्या मऊ लाकडाच्या ओंडक्यातून मूर्तीचे खांदे निघाले होते, तोंड अजून बाकी होते. क्राऊ नदीकाठच्या या वस्तीत आजार आणणाऱ्या बेसांना, म्हणजे भुतांना, लाकडात रूप देणारे हात आता त्याचेच उरले होते. त्या हातांचे चित्रीकरण करायला बहिणीचा मुलगा अजिस राजधानीतल्या संग्रहालयाकडून आला होता.

"मामा, जरा दम घ्या. आधीचं काम कसं झालंय बघा," म्हणत अजिसने संगणक पुढे केला.

पडद्यावर विक्रीच्या मूर्ती गोल फिरत होत्या. कठीण लाकडाच्या, घासून चकचकीत केलेल्या. कासिंग मान डोलावत बघत होता. मग एक ओबडधोबड मूर्ती आली. जीभ बाहेर, पोट खपाटीला.

कासिंगने वाकस खाली ठेवली.

गेल्या महिन्यात त्याच्या बायकोला, सेमाहला, ताप चढला होता. भगताने तो या मूर्तीत उतरवला आणि कासिंगने ती नदीपल्याड रानाच्या तोंडाशी नेऊन टाकली. टाकली की मागे वळून बघायचे नसते. अजिस सोबत होता.

"तू मागं राहिला होतास. चप्पल अडकली म्हणालास."

"मी वळून बघितलं नाही मामा. नुसता कॅमेरा मागं धरला."

"कॅमेरा काय माकडाच्या हातात होता?"

सेमाह चुलीपुढून उठून आली. पडद्याकडे पाठ करून उभी राहिली. "माझा ताप आहे का त्यात?"

"मामी, चित्र आहे नुसतं."

"चित्र आहे तर पुसून टाक."

"माझ्याकडचं पुसतो. राजधानीत पाठवलेलं माझ्या हातात नाही."

"काढताना बरं हातात होतं."

अजिसचाही आवाज चढला. "दवाखान्याच्या गोळ्यांनी बरं वाटलं तुम्हाला, मामी. आणि मामा, तुमच्यामागं कोण करणार हे? तुमच्या पोरांना वाकस धरता येत नाही. मी नाही टिपलं तर नातवंडांना काय दाखवाल?"

"आजीचा ताप दाखवीन," सेमाह म्हणाली. "आम्ही टाकून द्यायचं आणि तू उकिरड्यावरून उचलून पाहुण्यांपुढं वाढायचं. तुझ्या आईनं शिकवलं हे?"

"आईला मधे आणू नका."

"लाव फोन तुझ्या साहेबाला," कासिंग म्हणाला.

अजिसने लावला. पलीकडे संग्रहालयाच्या बाई होत्या, आवाज सगळ्यांना ऐकू येत होता. आजार उतरवायला वापरलेली, खरी मूर्ती एकच आहे, संग्रहातली सर्वांत मोलाची, त्या म्हणाल्या. शाळांना दाखवूनही झाली. काढणे शक्य नाही. हवे तर खाली कासिंगचे नाव ठळक घालू.

"माझं नाव घालतायत," कासिंग बायकोला म्हणाला. "ताप तुझा, नाव माझं."

अजिसने फोन बंद केला. "मामा, एवढी एक पुरी करा. तोंड कसं काढता तेवढं तरी. ते दुसऱ्या कुणालाच येत नाही."

"ठाऊक आहे मला."

कासिंगने ओंडका उभा धरला आणि वाकशीने मधोमध फोडला. मऊ लाकूड, दोन घावांत काम झाले. तुकडे सेमाहने चुलीत सारले. कॅमेरा चालूच होता. अजिसने तो बंद केला, तिकाटणे मिटले.

"भात झालाय का, मामी?"

"आमच्यापुरता."

तो मोटारसायकलवर सामान बांधत असताना कासिंग दारात आला. "ते चित्र संग्रहालयातून निघालं तरच ये. नुसता आलास तर घर तुझं नाही."

"तुमच्याबरोबर सगळं संपेल, मामा."

"संपू दे."

चित्रीकरणासाठी कासिंगने आज रबराच्या मळ्यातल्या कामाचा खाडा केला होता. उद्या पहाटे साडेपाचला तो मळ्यात चीक काढायला जाईल, सेमाह झाडांना चिकाच्या वाट्या लावायला सोबत असेल.