पाण्यावरची सीताफळं

आमचा धंदा बागवानाचा, फळं विकायचा. फळाच्या देठाशी नाक लावलं की ते कुठल्या रानातलं हे ओळखायचं, हे अब्बांनी मला शिकवलं. डोंगरातलं सीताफळ लहान, डोळे उघडलेलं, आत रवाळ आणि गोडमिट्ट. मोटेच्या पाण्यावरचं मोठं, हिरवंगार, आत पाणचट. "सूंघना अपने वास्ते, बोलना सोचके," असं अब्बा म्हणायचे. मी मात्र भर बाजारात बोलायचो आणि लोक 'वा' म्हणाले की फुगायचो. नाकानं कांदे सोलायची खोड मला तेव्हापासूनची.

आपला जिल्हा हैदराबाद राज्यातून निघून इकडं मराठी मुलखात आला, त्यानंतर चार-दोन वर्षांनी पावसानं दडी मारली. डोंगरातली सीताफळं झाडावरच काळी पडून खडा झाली. आमच्या वाशी गावच्या आठवडी बाजारात माझ्या पाटीत तसल्यातूनच निवडलेला बारका माल होता. शेजारी एक म्हातारी बसायची. डोंगराच्या पायथ्याला एकटी राहायची आणि सीताफळाच्या दोन महिन्यांवर तिचं वर्ष निघायचं. त्या दिवशी तिची पाटी भरलेली, फळं टपोरी. गिऱ्हाइकं माझ्यासमोरून तिच्याकडं जात होती. माझ्या पोटात दुखलं, हे आज कबूल करतो.

मी उठलो, तिच्या पाटीतलं एक फळ उचललं, वास घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "मावशी, कुठलं हाय हे?"

"डोंगरातलं. दुसरीकडचं कुठनं आणू?"

"डोंगरात औंदा थेंब न्हाई. हे पाण्यावरचं हाय. तिथं पाणी कोन घालतंय?"

"म्या घालते की."

सगळा बाजार हसला. सगळ्यात मोठ्यानं मी हसलो. डोंगराला पाणी घालणारी बाई! गिऱ्हाइकांनी हातातली फळं परत पाटीत ठेवली. तिनं पदर नीट केला, पाटी डोक्यावर घेतली आणि गेली. त्या दिवशी माझा माल खपला.

पंधरा दिवसांनी माल बघायला त्याच डोंगरात गेलो. सगळा उतार वाळलेला आणि मधेच आठ-दहा झाडं हिरवी. जवळ गेलो तर प्रत्येक बुंध्याशी एक गाडगं गळ्यापर्यंत पुरलेलं. एक उकरून पाहिलं. बुडाला भोक, भोकात चिंधीची वात, भोवतालची माती ओली. तेवढ्यात खालून ती म्हातारी घागर घेऊन चढताना दिसली. ओढ्यात उकरलेला झिरा पार खाली होता. दम लागला की ती डोक्यावरच्या घागरीसकट थांबायची. तिनं मला पाहिलं. एकेका गाडग्यात पाणी ओतत राहिली.

मला इतकी शरम वाटली की तिच्या हातातली घागर घ्यायलाही हात पुढं होईना.

"मावशी, चुकलं माझं," मी म्हणालो.

"इथं कोन ऐकतंय?" ती म्हणाली. "बाजारात बोललास, बाजारातच म्हन."

मी कसम खाल्ली.

पुढच्या बाजारी ती आली. मी उठणारच होतो, तेवढ्यात एकानं एक फळ माझ्यापुढं धरलं. "बागवान, सांगा बरं, कुठलं हाय?" मी वास घेतला, सांगितलं. लोक 'वा' म्हणाले. मग उठणं जमेना. आज चूक कबूल केली तर उद्या माझ्या नाकावर कोण विश्वास ठेवणार? म्हटलं, बाजार उठताना बोलू. मी तोंडानं शूर, बाकी भित्रा माणूस आहे.

दुपार कलली तरी तिची पाटी भरलेलीच होती. एक बाहेरगावची बाई तिच्यापुढं बसली आणि फळ चाचपत म्हणाली, "आजी, डोंगरातली हायत का?"

म्हातारीनं माझ्याकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मी माझ्या पाटीतली फळं खालीवर करत राहिलो.

"न्हाई बाई," ती म्हणाली. "पाण्यावरची हायत. स्वस्तात घे."