ऑन्नीचं ओगराळं

ऑन्नी गेल्याचा फोन तिच्या लेकीनं केला. “आंटी, मॉम इज गॉन...” मी चहाखालचा गॅस बंद केला. रडले नाही. मग ती म्हणाली, फ्युनरलला सूप तुम्हीच वाढायचं, मॉम सांगून गेलीय. मी विचारलं, तुझा काका येणार का? “येणार.” म्हटलं, मग मी येते. हे मी सांगतेय, सून लिहून घेतेय.

ऑन्नी म्हणजे कोरियन लोकांत थोरली बहीण. आमचे हे गेले त्या हिवाळ्यात मला काम हवं होतं, इंग्लिश येत नव्हतं. इथं कॅनडात, एटोबिकोत तिचं सूपचं दुकान. गाईच्या हाडकांचं सूप! देवळातल्या बायका नाक मुरडायच्या, “काय घासता हो काकू तिथं?” मी म्हणायची, पातेली. तोंडाला कधी लावलं नाही, पण बघून बघून सगळं कळलं. हाडकं पाण्यात ठेवून रक्त काढायचं, पहिली उकळी फेकायची, मग दिवसभर मंद आच... पांढरंशुभ्र होईपर्यंत. मीठसुद्धा आत नाही, ज्याचं त्यानं टेबलावर घालायचं. माझी भाजी ती वेगळ्या पातेल्यात शिजवायची. सुपाचं ओगराळं तिनं त्यात एकदाही बुडवलं नाही.

तिला कॅन्सर झाला. ती हॉस्पिटलात, तेवढ्यात तिच्या दिरानं दुकान बळकावलं. दिवसभर हाडकं कोण उकळणार? पांढरं दिसायला हा दुधाची पावडर कालवायचा. मी बोलले, त्यानं मला काढलं. वर गिऱ्हाइकांना सांगितलं, पावडर वहिनीच घालायची. ते ऐकून ऑन्नी भिंतीकडं तोंड करून निजली. शेवटपर्यंत एकच... “सिस्टर, मी नाही घातली.”

चर्चच्या बेसमेंटमध्ये सगळी जुनी गिऱ्हाइकं जमली. मयताला त्यांच्यात लाल तिखट सूप वाढतात, तेही गाईच्याच मटणाचं. मी ऑन्नीच्या ओगराळ्यानं वाढत होते. दीर काळ्या सुटात रांगेतून आला, वाडगा पुढं केला. मी ओगराळं खाली ठेवलं. पिशवीतून दुधाच्या पावडरीचा डबा काढला, दोन चमचे त्याच्या वाडग्यात, वरून गरम पाणी.

“युअर सूप,” मी मोठ्यानं म्हटलं. “ऑन्नी नो पावडर. यू पावडर. आय वॉश पॉट, आय सी.”

एका म्हाताऱ्यानं त्याच्याकडं पाठ केली, मग दुसऱ्यानं. दीर वाडगा तसाच हातात धरून जिना चढला.

ते ओगराळं ऑन्नीच्या लेकीनं मला दिलं. किचनमध्ये खिळ्याला टांगलंय. सून म्हणते, “आई, ह्यानं आपण काही वाढत नाही, मग कशाला ठेवायचं?”

म्हटलं, तिचा दीर अजून तिच्या दुकानात बसतो... तोवर राहू दे.