आईचा व्हिसा आणि माझा

मी देश सोडला त्या दिवशी आई विमानतळावर आली नाही. वारज्यातल्या आमच्या सोसायटीच्या फाटकाशी टॅक्सी उभी होती, बॅगा डिकीत गेल्या होत्या, आणि आई खाली आली ती तशीच, कणकेच्या हातांनी. "मुंबईपर्यंत येऊन काय करू? तिथे काचेबाहेरच उभं करणार ना?" म्हणाली. मग टॅक्सीवाल्याला, "अहो, घाटात जरा बेतानं घ्या." मला काहीच नाही. हायवेला लागेपर्यंत मला तिचा राग आला होता. घाट लागला तेव्हा रडू आलं.

आईचं वारज्यात पोळी-भाजी केंद्र आहे. मी बारावीत असताना बाबा गेले, त्यानंतर तिनं ते खालच्या गाळ्यात सुरू केलं. त्या पोळ्यांवर मी इंजिनिअर झाले आणि त्यांच्याच जोरावर या बर्फाच्या देशात आले. आधी शिकायचा व्हिसा, मग नोकरीचा, मग त्याची मुदतवाढ. तुमच्यापैकी जे निघून आलात त्यांना सांगायला नको. जे मागे राहिलात त्यांना सांगते: इथे आल्यावर पहिली कितीतरी वर्षं माणूस राहत नाही, नुसता थांबलेला असतो. सोफा घ्यायचा म्हटलं तरी आधी मनात येतं, मुदत वाढली नाही तर हा कुठे टाकायचा?

लग्न झालं, दिवस गेले. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. पण मला डॉक्टरांनी विमानप्रवासाला मनाई केली, तेव्हा माहेरानंच इकडे यायचं असं ठरलं. आईचा व्हिजिटर व्हिसाचा अर्ज मी इथूनच ऑनलाइन भरला. बोटांचे ठसे द्यायला ती शेजारच्या सुलभाकाकूंना घेऊन गेली. ठसे उमटेनात. वर्षानुवर्षं तव्यावरची पोळी हातानं फिरवून बोटांची टोकं गुळगुळीत झालेली.

"आजी, हात नीट पुसा ना," काउंटरवरची मुलगी म्हणाली.

"पुसले गं बाई. आणखी पुसले तर हाडं लागतील."

कसेबसे ठसे घेतले एकदाचे. आईनं हे मला फोनवर हसत सांगितलं, मीही हसले.

मग नकार आला. मुदत संपल्यावर अर्जदार मायदेशी परततील याची खात्री पटत नाही, असं लिहिलं होतं. विधवा, एकुलती एक मुलगी परदेशात, आधी कधी परदेशप्रवास नाही. कागदावर तेवढंच दिसत होतं, आणि तेवढं खरंच होतं. मी आईला वाचून दाखवलं.

"म्हणजे मी तुझ्याकडे ठाण मांडून बसेन असं वाटतंय त्यांना? अगं, मला सख्ख्या बहिणीकडे दोन रात्री झोप लागत नाही."

रेवा झाली तेव्हा आई फोनमध्ये होती. नवरा फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवायचा आणि आई तिकडून ओरडायची, "मान धर, मान!" तेल कसं लावायचं, पाणी किती कोमट हवं, सगळं तिनं त्या चौकटीतूनच सांगितलं. एकदा रेवा काही केल्या थांबेना. माझी नजर सहज फोनकडे गेली तर आईचे दोन्ही हात पुढे आले होते, बाळ घ्यायला. तिला ते कळलंही नसावं. मी फोन उलटा ठेवला.

दुसऱ्या अर्जात ती परत का जाईल याची कारणं नीट दाखवायची होती. "आई, तुला पुण्याला परत का यायचं असेल, सांग बरं." लेकीनं आईला विचारावा असा हा प्रश्न आहे का? पण विचारला.

"केंद्र आहे. घर आहे," ती म्हणाली. आणि मग, "इथे मी दोन दिवस दिसले नाही तर लोक विचारतात गं, काकू कुठे गेल्या म्हणून. ते लिही."

त्यासाठी रकाना नव्हता. मी गाळ्याचे कागद जोडले. या वेळी व्हिसा मिळाला.

आई आली तेव्हा रेवा रांगत होती. आल्याआल्या आईनं स्वयंपाकघराचा ताबा घेतला, आणि रोज पहिल्या पोळीला छताचा स्मोक अलार्म बोंबलायला लागला. "तुमच्या घराला पोळी सोसत नाही," ती म्हणायची. सुरुवातीला गंमत होती. मग दुपारी, रेवा झोपली की, ती खिडकीशी बसायला लागली. बाहेर बर्फ, रस्त्यावर चिटपाखरू नाही. आम्ही दोघं ऑफिसात. "भांडायचं म्हटलं तरी इथे माणूस नाही," एकदा म्हणाली. एका सकाळी माझ्याकडे न बघता तिनं विचारलं, "तिकीट थोडं अलीकडचं मिळेल का?"

मला ते लागलं. पण थांब म्हणायला मी कोण? ज्यांना ती परत जाणार नाही अशी धास्ती होती, त्यांच्या देशातून ती मुदतीच्या कितीतरी आधी निघून गेली.

त्यानंतर मी इथलं नागरिकत्व घेतलं. हौसेनं नाही, दमून. आता कुणाकडे परवानगी मागायची नाही, एवढंच डोक्यात होतं. भारताचा पासपोर्ट परत केला, आणि तिकडे कायमची ये-जा करता येईल असं कार्ड यायचं होतं. ते येण्याआधीच आई केंद्रातल्या ओल्या फरशीवर घसरली. खुबा मोडला.

"ऑपरेशन परवा आहे," सुलभाकाकूंचा फोन आला. "तू ये."

मी पुन्हा व्हिसाचा अर्ज भरायला बसले, या वेळी माझा, भारतात जायचा. भारतात येण्याचं कारण काय? भारतात कुठे राहणार? तुम्हाला ओळखणारी भारतातली एक व्यक्ती? मी आईचं नाव लिहिलं. तिला ऑपरेशनला आत नेलं तेव्हा माझ्या स्क्रीनवर 'प्रक्रिया चालू आहे' असंच दिसत होतं. काकू बाहेर बाकावर बसून मला मेसेज करत होत्या. माझ्या जागी त्या बसल्या होत्या.

मी पोचले तेव्हा आई घरी आली होती, वॉकर पलंगाला टेकवलेला.

"मिळाला एका फटक्यात?" ती म्हणाली. "मला मेलीला दोन लागले." आणि हसता हसता तिचे डोळे भरले. इतक्या वर्षांत मी ते पहिल्यांदा पाहिलं.

मी तिला उठवायला शिकले, चालवायला शिकले. एके संध्याकाळी तिचे पाय चेपत होते तेव्हा रेवाचा व्हिडिओ कॉल आला.

"आई, तू घरी कधी येणार?"

"लवकर येते, बाळा."

"लवकर काय?" आई पलंगावरून म्हणाली. "तारीख सांग तिला. वाट बघणाऱ्याला तारीख लागते."

घर कुठलं, असं मला इकडेही विचारतात आणि तिकडेही. आताशा वाटतं, जिथे आपल्या येण्याची तारीख कुणाला तरी हवी असते, ते घर. माझी तशी दोन आहेत, आणि एका घराला दिलेली तारीख दुसऱ्या घरातून वजा होते. याला इलाज नाही.

मी तारीख सांगितली. दोघींनी ती ऐकली.